दोन नंबरच्या बॉयलरची चावी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत, पृष्ठ एकेचाळीसवर, "पूर्ण अंतःकरणाने आज्ञापालन" या मथळ्याखाली माझ्याविषयी जो मजकूर छापला आहे, तो खोटा आहे. स्मरणिकेत शुद्धलेखनाच्या सत्तावीस चुका आहेत. त्या मी लेखकाला क्षमा करतो. हकिकतीच्या चुकांची क्षमा करण्याचा मला अधिकार नाही, कारण त्यांतील बहुतेक चुका मीच होऊ दिल्या. म्हणून मालमत्तेची व्यवस्था लावण्याआधी त्या दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते.

मी, सेवानिवृत्त बॉयलर निरीक्षक, वय वर्षे पंच्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात कापतो, तो अक्षराचा प्रश्न आहे, बुद्धीचा नव्हे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतके जवळचे माणूस या घरात गेली अठ्ठावीस वर्षे नाही. या तारखेपूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे व मसुदे रद्द समजावेत. विशेषतः गेल्या जुलैतील मसुदा, ज्याविषयी कलम पाचमध्ये लिहिले आहे.

कलम १. स्मरणिकेतील मजकूर.

स्मरणिका म्हणते की, माझ्या मुलाने शनिवारी माझ्या टेबलाच्या खणातून साबणाच्या कारखान्यातील दोन नंबरच्या बॉयलरची चावी गुपचूप काढली. रविवारी मंडळी उपासनेत असताना त्याने सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड केली. त्याच वेळी बॉयलर फुटून दोन माणसे मेली. आणि मी चौकशीत "पोटच्या गोळ्याची पर्वा न करता" देवाच्या आज्ञेप्रमाणे खरे सांगितले. पुढे माझी तुलना देवाच्या आज्ञेवरून मुलाला बळी देण्यासाठी डोंगरावर वेदीवर ठेवणाऱ्या कुलपित्याशी केली आहे. तो प्रसंग मी संडे स्कूलला एकोणीस वर्षे शिकवला. त्या कुलपित्याने मुलाच्या पाठीवर लाकडे दिली, पण विस्तव आणि सुरी स्वतःच्या हातात ठेवली. मी सुरी मुलाच्या हातात दिली व स्वतः गाणी म्हणायला गेलो.

घडले ते असे. बॉयलरमध्ये वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडून वाफ बाहेर सोडतो. किती दाबाला उघडायचे हे एका स्प्रिंगवर ठरते. ती स्प्रिंग कोणी आवळू नये म्हणून व्हॉल्व्हच्या टोपीला पितळी कुलूप असते आणि त्याची एकच चावी निरीक्षकाकडे असते. कारखान्याच्या मालकालाही ती मिळत नाही. माझा मुलगा त्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होता. त्यालाही ती मिळायची नव्हती.

रविवारी सकाळी साडेनऊला कारखान्याचा माणूस दारात आला. व्हॉल्व्हमधून वाफ गळत होती. सोमवारी साबणाचा मोठा घाणा लावायचा होता, आणि मॅनेजरने मला बोलावले होते. मी कोट घालून, गीतांचे पुस्तक बगलेत धरून उभा होतो. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचे नाही, म्हणून बावीस वर्षे मी रविवारी पान्याला हात लावलेला नव्हता, आणि ही गोष्ट मी लोकांना वरचेवर सांगत असे. मला तीन मार्ग मोकळे होते: स्वतः जाणे, बॉयलर थंड करण्याचा लेखी आदेश देणे, किंवा काहीही न करता सोमवारपर्यंत कारखाना बंद ठेवायला लावणे. तिन्ही मार्ग देवाच्या आज्ञेत बसणारे होते; जीव वाचवण्याचे काम रविवारीही चालते. मी चौथा निवडला. खण उघडला, चावी काढली आणि मुलाला म्हणालो, "जा, पाऊण आटा आवळ. उद्या मी येऊन बघतो."

तो म्हणाला, "बाबा, आत बघितल्याशिवाय? आणि नियमानं तुम्हीच पाहिजे ना?"

"मी सांगतो आहे."

"पण उपासना?"

"तुझी मी देवाला सांगेन."

हे शेवटचे वाक्य मी विनोदाने बोललो होतो. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई उभी होती. ती हसली नाही.

मुलाला पाठवल्याने माझा रविवार मोडत नव्हता. त्याचा मोडत होता. हा हिशेब मी तेव्हा केला आणि मला तो चोख वाटला.

त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग आदल्या नोव्हेंबरात बदललेली होती. नवी स्प्रिंग आखूड होती. जुनीला पाऊण आटा, म्हणजे स्क्रूचा पाऊण फेरा, सोसला असता. नवीचे वेढे पाऊण आट्याने एकमेकांना टेकले, आणि मग व्हॉल्व्ह उघडण्याचा प्रश्नच उरला नाही. स्प्रिंग बदलल्याच्या कागदावर माझी सही होती. मी विसरलो होतो. मुलगा विसरला नव्हता. त्याला ते कधी कळवलेच नव्हते. त्याने सांगितल्याबरहुकूम पाऊण आटा आवळला, तसूभरही जास्त नाही, आणि दुपारी चावी आणून माझ्या हातात दिली. मी ती खणात टाकली. त्या दिवशी वर्गात माझा विषय आज्ञापालन हाच होता. आवाज चांगला लागला होता.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला बॉयलर फुटला. शेजारचा लहान व्हॉल्व्ह उघडला होता, पण तो पुरला नाही. बॉयलरची भट्टी पेटती ठेवणारा फायरमन जागीच गेला. कोळसा ओढणारा मजूर दोन दिवस जगला.

कलम २. चौकशीतील माझी साक्ष.

चौकशीच्या दिवशी, कचेरीच्या व्हरांड्यात, मुलाने मला विचारले, "बाबा, तुम्ही सांगणार ना?" मी म्हणालो, "विचारतील तेवढंच बोलायचं. बाकी देव बघेल." त्याने मान हलवली. आईबापांचा मान राख, ही आज्ञा मी त्याच्याकडून चौथ्या वर्षी पाठ करून घेतली होती.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला तीन प्रश्न विचारले. चावी कोठे असते? "माझ्या टेबलाच्या खणात." मुलाला खण ठाऊक होता का? "तो माझ्याच घरात राहतो." व्हॉल्व्ह त्याने आवळला का? "होय, त्यानेच. तो माझा मुलगा आहे म्हणून मी खोटे बोलणार नाही."  एका कारकुनाने डोळे टिपले. चावी त्याला कोणी दिली, हा चौथा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मी तो सुचवला नाही. माझ्या तिन्ही वाक्यांत एकही शब्द खोटा नव्हता. ती मी आदल्या दिवशी कागदावर तयार केली होती.

मुलाला तीन वर्षांची शिक्षा झाली. मला त्याच वर्षी मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा पंच, म्हणून निवडले. पवित्र शास्त्रातील एका राजाने शत्रूचे सर्व काही नष्ट करण्याची आज्ञा पाळताना उत्तम मेंढरे राखून ठेवली आणि वर "मी आज्ञा पाळली" असे सांगितले. त्याच्यावर मी निदान दहा वेळा तरी बोललो असेन. मी देवाला सगळे घर दिले होते, टेबलाचा एक खण सोडून.

कलम ३. माझी पत्नी.

स्मरणिका म्हणते की, ती "मुलाच्या दुर्वर्तनाच्या धक्क्याने त्याच वर्षी प्रभूकडे गेली". ती चार वर्षे जगली आणि मूत्रपिंडाच्या विकाराने गेली. मुलाने दुर्वर्तन केले नाही, हे तिला पूर्ण ठाऊक होते.

चौकशीनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी वडील या नात्याने भाकरीचे तबक घेऊन बाकांमधून फिरत होतो. तिच्यापाशी आलो, तर तिने हात मांडीवरच ठेवले. तबक पुढच्या बाईकडे गेले. पुढे दर महिन्याला तसेच झाले, अंथरुणाला खिळेपर्यंत. लोकांना वाटले, तिला मुलाची लाज वाटते. घरी ती माझ्याशी सगळे बोलत असे: दूध आले, नळ गळतो, तुमची औषधे संपली. त्या रविवारविषयी एकदाच बोलली. मुलाला तुरुंगात भेटून आली होती. मी विचारले, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "तुमची तब्येत विचारत होता." आणि कणीक मळायला गेली.

तिच्या कबरीशेजारची मोकळी जागा मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. ती मी सोडतो. मला कोठेही पुरावे. मुलाची तयारी असल्यास ती जागा मंडळीने त्याच्यासाठी राखावी.

कलम ४. किरकोळ वस्तू व जुने हिशेब.

(अ) तपासणीची हातोडी, लांब दांड्याचा आरसा व दाब तपासण्याचे गेज: औद्योगिक प्रशिक्षण शाळेस. हातोडीने पत्रा ठोकून आवाज ऐकावा. कागदावरील आकड्यांवर विसंबू नये. आधी आत शिरावे, मग सही करावी.

(ब) स्मरणिकेचे लेखक व मंडळीचे चिटणीस, ज्यांना मंडळीत "प्रस्तावना" म्हणतात, कारण दोन मिनिटांच्या सूचनेला ते पंधरा मिनिटे प्रस्तावना करतात, त्यांना माझा शब्दकोश व लाल शाईची दौत. त्यांच्यावर माझा राग आहे. स्मरणिका छापण्यापूर्वी ते मजकूर घेऊन माझ्याकडे आले होते, हे मात्र मी येथे नमूद करतो. मी त्यांच्या तेरा वेलांट्या सुधारल्या आणि हकीकत तशीच ठेवली.

(क) शेजारच्या घड्याळजींनी त्यांचे सांडपाणी माझ्या भिंतीलगत सोडण्यावरून एकवीस वर्षे मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी ते आजही बंद केलेले नाही. माझे भिंतीवरचे घड्याळ त्यांना द्यावे. ते रोज चार मिनिटे मागे पडते, त्यांना बरे वाटेल.

(ड) हात असलेली लाकडी खुर्ची माझ्या नातीस. ती परिचारिका आहे. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्या घरी आली, माझा रक्तदाब घेतला आणि म्हणाली, "आजोबा, ही खुर्ची मला ठेवा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

(इ) माझ्यासाठी घडवून ठेवलेली संगमरवरी पाटी कोळसा ओढणाऱ्या मजुराच्या कबरीवर बसवावी. त्याचे नातेवाईक सापडले नाहीत आणि इतकी वर्षे तेथे फक्त एक लाकडी खुंटी आहे. पाटीवर माझ्यासाठी निवडलेले वचन कोरलेले आहे. ते घासून काढावे. त्याचा मृत्यू कशाने झाला, ते एका ओळीत लिहावे. खर्च बँकेतील शिल्लकेतून करावा. उरेल ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यास.

कलम ५. जुलैतील मसुदा व तो रद्द करण्याचे कारण.

जुलैत मी या सर्व हकिकतीचा मसुदा केला आणि अशी सूचना लिहिली की, तो माझ्या अंत्यविधीच्या वेळी पाळकांनी मंडळीसमोर वाचावा. घर मुलाच्या नावे केले. ऑगस्टात तो मसुदा घेऊन मी त्याच्या गावी गेलो. आईच्या अंत्यविधीनंतर आम्ही भेटलो नव्हतो. त्याचे शिलाई यंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. बॉयलरचा परवाना त्याला पुन्हा मिळाला नाही. तो मान खाली घालून काम करीत होता.

"काय झालंय मशीनला?" त्याने वर न बघता विचारले.

"मी आहे," मी म्हणालो.

त्याने वर पाहिले.  मग म्हणाला, "बसा. त्या स्टुलाचा पाय हलतो, जपून."

त्याने सर्व पाने उभ्यानेच वाचली. मध्येच एक बाई आल्या. "दादा, माझं झालं का हो?" "झालंय ताई, दोरा ओवून बघा." त्यांनी यंत्र चालवून पाहिले, पैसे दिले, गेल्या. त्याने शेवटचे पान वाचले आणि कागद नीट जुळवून माझ्यासमोर ठेवले.

"छान लिहिलंय. चूक सापडायची नाही त्यात."

"हे माझ्या अंत्यविधीला वाचायचं आहे."

"म्हणजे तेव्हाही तुम्ही नसणार."

 तो म्हणाला, "मला एकच सांगा बाबा. त्या साहेबांनी चौथा प्रश्न विचारला असता, चावी कुणी दिली म्हणून, तर सांगितलं असतं?"

"हो," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"हे खरं बोललात." त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, पुन्हा ठेवला. "मला वाटायचं, तुम्ही उठाल. चौकशीत वाटलं, कोर्टात वाटलं. निकालाच्या दिवशी मी न्यायाधीशांकडे बघतच नव्हतो, दाराकडे बघत होतो. वकील म्हणाला, अरे, इकडे बघ."

"तू स्वतः का नाही बोललास?"

"तुम्हीच शिकवलं होतं ना, बापाचं नाव खाली पाडायचं नाही म्हणून? शिकवलं ते सगळं शिकलो मी." मग म्हणाला, "आणि घर मला नको. त्या टेबलासकट तर नकोच."

बस सुटायला अवकाश होता. त्याने चहा मागवला. तो आम्ही घेतला.

माझी आज्ञा अशी होती की, मी मेल्यावर दुसऱ्या कोणी आज्ञा पाळावी. परतीच्या प्रवासात मला ते दिसले. मी ते कलम रद्द केले.

कलम ६. मंडळीसमोरील कबुली.

मागील रविवारी उपासनेत घोषणांच्या वेळी मी उभा राहिलो. "प्रस्तावना" म्हणाले, "गुरुजी, वेळ कमी आहे, गाणं घेऊ या." पाळक माझ्या नातवाच्या वयाचे आहेत; ते म्हणाले, "बोलू द्या त्यांना." मी अकरा मिनिटे बोललो. कागद हातात होता, पण चष्म्यावर पाणी आल्याने वाचता येईना. त्यामुळे काही वाक्ये अपुरी राहिली आणि एके ठिकाणी क्रियापद चुकले.  वडीलपदाचा राजीनामा मी तेथेच दिला. बाहेर पडताना एक जण म्हणाले, "या वयात कशाला, गुरुजी? आम्हाला तुमचा आधार होता." ते गृहस्थ भले आहेत. त्यांचा आधार खोटा होता.

फायरमनची विधवा उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाआधीच उठून गेल्या होत्या. सोमवारी त्या माझ्या दारात आल्या. मी खुर्ची पुढे केली.

"बसत नाही," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ तुमच्या पोराला शाप दिले मी. तुमच्या मागच्या बाकावर बसून दिले. आणि तुम्ही दर रविवारी मला विचारायचात, बाई, बरं आहे ना? आता ते शाप मी परत कसे घेऊ?"

"माझ्यावर वळवा."

"तुमच्यात उरलंय काय वळवायला?"

 त्यांनी मुलाचा पत्ता मागितला. मी लिहून दिला.  त्या त्याच्याकडे गेल्या की नाही, मला ठाऊक नाही. मुलगा सांगत नाही, मी विचारत नाही.

जुन्या चौकशीची फाइल दुरुस्त व्हावी म्हणून मी सप्टेंबरातच निरीक्षण कार्यालयास लेखी निवेदन धाडले होते. काल उत्तर आले: सदर फाइल मुदत संपल्याने नष्ट करण्यात आली आहे, तरी आपण पाठवलेल्या माहितीबद्दल आभारी आहोत. म्हणजे शिक्षा झाल्याची नोंद माणसांच्या डोक्यात तेवढी उरली आहे. ती तेथून काढण्याचे काम हयात असेपर्यंत माझे आहे. त्यानंतर पाळकांचे, ज्यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो. देवाकडे मी क्षमा मागितली आहे. मिळाल्याचे येथे लिहिता येत नाही.

कलम ७. राहते घर.

आज सकाळी मुलगा आला. वकील कागद घेऊन बसले होते. मी उतरून घ्यावे म्हणून घराचे कलम त्यांनी पुन्हा त्याच्याच नावाने लिहून आणले होते. मीच तसे सांगितले होते. मुलाने ते वाचले.

"साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही ना?" त्याने वकिलांना विचारले.

"नाही. साक्षीदार असाल, तर तुमच्या नावचं कलम बाद होतं."

"मग मी साक्षीदार."

वकील माझ्याकडे बघू लागले. "अहो, पण घर म्हणजे..."

"काढा ते कलम," मी म्हणालो.

त्यानुसार राहते घर, मागच्या अंगणासह व आतील उर्वरित सामानासह, फायरमनच्या विधवेस. त्यांनी त्यात राहावे, ते विकावे अथवा पाडावे. कोणी विचारू नये. घरातील टेबल मुलाने आज दुपारी मागच्या अंगणात नेऊन कुऱ्हाडीने फोडले. मी खिडकीतून पाहत होतो. त्याला दम लागला तेव्हा मी पाणी नेऊन दिले. त्याने ते घेतले.

हे मृत्युपत्र मी लिहिले, स्वतः वाचले आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखवले. त्याने एक दुरुस्ती सुचवली: कलम एकमध्ये "पाऊण आटा" असे आहे, तेच बरोबर आहे, ते कोणी बदलू नये.

स्थळ: माझे राहते घर, पुढची खोली.
दिनांक: शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९, सायंकाळी पाच.

सही: (लिहून देणार, सेवानिवृत्त बॉयलर निरीक्षक)

आमच्या समक्ष सही झाली:
साक्षीदार १, सही: (लिहून देणाराचा मुलगा, धंदा शिलाई यंत्र दुरुस्ती)
साक्षीदार २, सही: (समोरचे डॉक्टर)

परिशिष्ट: दुरुस्त तारखा

स्प्रिंग बदलल्याची तारीख. स्मरणिकेत उल्लेख नाही. खरी: बुधवार, १९ नोव्हेंबर १९८६. कागदावर सही माझी.

चावी मुलाकडे गेल्याची तारीख. स्मरणिकेत: शनिवार, ७ फेब्रुवारी १९८७. खरी: रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ. मी दिली.

बॉयलर फुटल्याची तारीख. स्मरणिकेत: रविवार, ८ फेब्रुवारी, उपासनेच्या वेळी. खरी: सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळी सहा चाळीस. फायरमनचा मृत्यू त्याच वेळी.

कोळसा ओढणाऱ्या मजुराचा मृत्यू. स्मरणिकेत: ८ फेब्रुवारी. खरी: बुधवार, ११ फेब्रुवारी, दुपारी.

मुलाची शिक्षा. स्मरणिकेत: "काही महिने". खरी: गुरुवार, ३ सप्टेंबर १९८७ ते बुधवार, १७ जानेवारी १९९०, तीन वर्षांतून सूट वजा जाता. सुटकेच्या दिवशी दारात मी नव्हतो. त्याची आई होती.

पत्नीचा मृत्यू. स्मरणिकेत: १९८७. खरी: गुरुवार, ६ जून १९९१.

मी खरी साक्ष दिल्याची तारीख. स्मरणिकेत: मंगळवार, २४ मार्च १९८७. खरी: रविवार, ६ ऑक्टोबर २०१९.